हजेरीपटावरची लाल रेघ

मी वॉर्डात नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. आमच्या पाळीला एक मावशी होत्या, कंत्राटी. लादी पुसणं, बेडपॅन देणं, पेशंटला एक्स-रेला नेणं, सगळं त्यांच्याकडे. दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हजेरीपटावर त्यांच्या नावावर लाल रेघ आणि खाली नवीन नाव. विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, "त्या वारल्या ना परवा. तुम्हाला कळलं नाही?" अंत्यविधीही उरकला होता. चार वर्षं एका डब्यातली भाजी खाल्ली, पण शेवटचा जयभीम राहून गेला.

त्याच महिन्यात एका मोठ्या डॉक्टरांचे वडील वारले. त्याची नोटीस मात्र फळ्यावर लागली.

आपल्या वस्तीतली कितीतरी माणसं सफाई, हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, कचऱ्याच्या गाड्या अशा कंत्राटी कामावर आहेत. त्यांच्यातलं कोणी गेलं की मुकादम दुसरा माणूस उभा करतो आणि काम पुढे चालू. "सांगितलं तर कामावर परिणाम होतो," असं कारण देतात. माझा अनुभव उलटा आहे. न सांगितल्यानेच परिणाम होतो. अफवा उठतात. माणसाला झोप लागत नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडतं, कामात हात चुकतो. आणि मनात एक गोष्ट कायमची बसते: उद्या मी मेलो तरी असंच होणार. ज्याच्या जगण्याला किंमत दिली नाही त्याच्या मरणाचीही दखल नाही, ही जातीचीच रीत आहे.

आपल्या धम्मात याची वेगळी शिकवण आहे. सारिपुत्तांचं परिनिर्वाण झालं तेव्हा चुंद श्रामणेर त्यांचं पात्र आणि चीवर घेऊन स्वतः आला. तो आधी आनंदांकडे गेला, मग दोघं मिळून भगवंतांकडे गेले. अंगातलं बळ गेलं, दिशा सुचेनात, हे आनंदांनी लपवलं नाही. पुढे मोग्गल्लानही गेल्यावर भगवंत भिक्षुसंघासमोर बोलले की ही सभा आता रिकामी वाटते. म्हणजे बातमी समक्ष सांगावी, एकट्यावर भार टाकू नये, आणि रिकामी जागा दिसत असताना ती दिसत नाही असं सोंग करू नये.

मग कामाच्या ठिकाणी करायचं काय? आधी घरच्यांना कळलं आहे ना, याची खात्री करा. बाहेर काय सांगायचं आणि काय नाही, हे त्यांनाच विचारा. मग पाळी सुरू होताना, हजेरीच्या वेळी, सगळ्यांना एकत्र उभं करून सांगा. कायम, कंत्राटी, बदली, चहावाला पोरगा, सगळ्यांना. रजेवर असलेल्याला फोन करा. शब्द सरळ वापरा: "आपले अमुक काल रात्री वारले. अंत्यविधी इतक्या वाजता आहे." जायला सुट्टी द्या, त्या दिवसाचा पगार कापू नका. कारण माहीत नसेल तर "अजून कळलं नाही" म्हणा, तर्क लढवू नका. आत्महत्या असेल तर ती कशी केली याची चर्चा नको, आणि घरच्यांवर ठपका तर नकोच.

इथे थोडं आपल्यालाही बोलते. मृतदेहाचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवणारे बहुतेक वेळा आपलेच असतात. त्याच्या मुलीच्या मोबाईलवरही तो फोटो जातो. हे थांबवा.

गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये मृत्यू झाला असेल तर कारण सांगणं हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. आतल्या विषारी वायूने एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. म्हणून जोडीदारांना खरं कारण कळलंच पाहिजे. माणसाला विनासुरक्षा असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितलं आहे. "पाय घसरून पडला" अशी बातमी पसरवली जाते तेव्हा ती कोणाच्या सोयीची आहे, हे विचारा. ज्यांनी पाहिलं त्यांनी बोललं पाहिजे.

एकदा सांगून काम संपत नाही. आठवड्याने, महिन्याने जवळच्या जोडीदाराला विचारा, "झोप लागते का?" पहिले काही आठवडे रडू येणं, दचकणं, चिडचिड होणं साहजिक आहे. हळूहळू ते ओसरतं. महिना उलटूनही कमी होत नसेल, दारू वाढली असेल, तर सरकारी दवाखान्यात न्या. जगावंसं वाटत नाही असं कोणी म्हणालं तर एक दिवसही थांबू नका, त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही.

विहारात आपण पुण्यानुमोदनाला बसतो, तेव्हा त्याच्या कामावरच्या जोडीदारांनाही बोलवा. त्याने अर्धं आयुष्य त्यांच्याबरोबर काढलेलं असतं. आणि तुमच्यापैकी जे मुकादम, सुपरवायझर झाले आहेत त्यांना एकच विनंती: हजेरीपटावर लाल रेघ मारायच्या आधी ते नाव एकदा मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.