आमच्या मॉड्यूलमध्ये प्रॉब्लेम नाही!

गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण बाबा. आता ते ठणठणीत आहेत, म्हणून चहाचा कप घेऊन निवांत बसलोय.

झालं असं, की बाबांचं बीपी गेली आठ-नऊ वर्षं दोन गोळ्यांवर अगदी शहाण्यासारखं वागत होतं. एक गोळी रक्तवाहिन्या सैल करणारी, दुसरी लघवीवाटे जास्तीचं मीठ-पाणी बाहेर काढणारी. आणि अचानक ते १७० वर गेलं. पाय सुजले. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीची तक्रार. हृदयाच्या डॉक्टरांनी टूडी एको केला. हृदय उत्तम! किडनीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. तीही नॉर्मल. गुडघ्याचे डॉक्टर तर चित्रातच नव्हते, कारण गुडघा मस्त होता. नव्या गोळीने दुखणं पळालं होतं.

माझ्यासारख्या हमालांना हा सीन ओळखीचा वाटेल. रात्रीचे दोन वाजलेत, सिस्टीम आडवी झालीय, आणि कॉलवर प्रत्येक टीम सांगतेय, "आमच्या मॉड्यूलमध्ये प्रॉब्लेम नाही." गंमत म्हणजे सगळे खरं बोलत असतात. प्रॉब्लेम मॉड्यूलमध्ये नसतोच, तो दोन मॉड्यूलच्या मधे असतो.

शेवटी आई बाबांना आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी मशीन वगैरे काही लावलं नाही. म्हणाले, "घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या पिशवीत घालून आणा." पिशवी टेबलावर रिकामी केली आणि एक स्ट्रिप बाजूला काढली. गुडघ्याची. "ही कधीपासून?" पाच दिवसांसाठी दिलेली पेनकिलर बाबा मेडिकलमधून आणून आणून महिनाभर खात होते.

आता गुडघ्याच्या गोळीचा आणि बीपीचा काय संबंध? मीही हेच विचारलं. दोष थोडा आपल्या शाळेच्या पुस्तकाचाही आहे. श्वसनसंस्था एका धड्यात, रक्ताभिसरण दुसऱ्या, उत्सर्जन तिसऱ्या. आकृती काढा, नावे द्या, मार्क घ्या. धड्यांच्या मधे काय चालतं, ते सिलॅबसमध्येच नव्हतं.

बीपीचंच घ्या. दाब कमी झालाय हे किडनीला कळतं आणि ती रेनिन नावाचं रसायन रक्तात सोडते (हे १८९८ मध्ये स्वीडनमध्ये सापडलं). रेनिन ज्या प्रथिनावर काम करतं, ते बनतं यकृतात. त्यातून जे तयार होतं त्याला पुढचा आकार मुख्यतः फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये मिळतो. मग हा तयार माल रक्तवाहिन्या आवळतो, मेंदूला तहान लावतो, आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीला कामाला लावतो. ती ग्रंथी उलट किडनीलाच सांगते, मीठ सोडू नकोस, धरून ठेव. दाब वाढतो, किडनी रेनिन आवरतं घेते. आता सांगा, बीपी हे नक्की कोणाचं खातं?

दोन्ही किडन्या मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतलं जातं. गाळायला दाब हवा. वय झालेल्या, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसात हा दाब टिकवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं किडनीत येणारी वाहिनी उघडी धरतात. आणि गुडघ्यातली सूज, ठणका? त्यामागेही प्रोस्टाग्लँडिनच. बाबांच्या जातीची पेनकिलर तीच बंद पाडते. हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनवर दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण गोळीला पत्ता वाचता येत नाही. ती गुडघ्यातही जाते आणि किडनीतही.

म्हणजे बघा, पेनकिलरने किडनीत येणारी वाट अरुंद केली, बीपीच्या एका गोळीने बाहेर जाणारी वाट आधीच सैल केलेली, दुसरीने पाणी कमी केलेलं. गाळणं मंदावलं, मीठ-पाणी अंगात साठलं, पाय सुजले, बीपी चढलं. तिन्ही गोळ्या आपापल्या जागी बरोबर!

मी स्पेशालिस्टांच्या विरोधात नाही. उद्या माझ्या हृदयाला काही झालं तर मी हृदयाच्याच डॉक्टरांकडे जाईन. पण आपल्या पिढीने फॅमिली डॉक्टर नावाचं माणूसच काढून टाकलंय. डोकं दुखलं की ॲप उघडायचं, रेटिंग बघायचं, थेट न्यूरो. प्रत्येक मॉड्यूलला एक्स्पर्ट आहे, इंटिग्रेशन मात्र कोणाकडेच नाही.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. "शरीरात सगळं एकमेकांशी जोडलेलं असतं, म्हणून आमचा अमुक काढा घ्या" छापाचे फॉरवर्ड. जोडलेलं असतं, मान्य. पण कुठली तार कुठून कुठे जाते हे सांगता आलं पाहिजे. नाहीतर त्या वाक्याला काही अर्थ नाही.

आता कबुली. गुडघ्याच्या डॉक्टरांकडे बाबांना मीच नेलं होतं. त्यांनी विचारलंही होतं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" मी ऑफिसच्या मेलमध्ये डोकं घालून बसलेलो. "बीपीचं काहीतरी आहे, कंट्रोलमध्ये आहे," एवढं बोलून परत मेलमध्ये. दोन मॉड्यूलच्या मधली ती हरवलेली तार मीच होतो.

पेनकिलर बंद झाली. तीन आठवड्यांत क्रिएटिनिन खाली आलं, बीपीही जुन्या आकड्यावर. गुडघ्यासाठी आता व्यायाम आणि शेक. बाबा कुरकुरतात, पण करतात. सगळ्यांचं इतक्या सहज निभावत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तेव्हा मंडळी, या रविवारी एक काम करा. आईबाबांच्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहा: नाव, डोस, कशासाठी, कधीपासून. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आणि आयुर्वेदिकसुद्धा. एक प्रत त्यांच्या पाकिटात, एक तुमच्या फोनमध्ये. मनाने काही बंद करू नका, कागद एका डॉक्टरांना दाखवा. आणि कोणी विचारलं "दुसरं काही चालू आहे का?", तर फोन खाली ठेवून उत्तर द्या.

असो. चहा गार झाला. बाबांना व्यायाम केला का विचारायला फोन करतो.