गालिचा उलटून बघा!
दिवाळी जवळ आली की प्रदर्शनातून एखादा गालिचा घरी येतोच. मैत्रिणींनो, नुसत्या रंगाला भुलू नका, आधी तो उलटून बघा. मागे एकेक गाठ दिसली तर हाताने विणलेला. कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, त्याचे धागे डिंकानेच धरलेले असतात.

रांगतं बाळ असलेल्या घरात मला मात्र सुती सतरंजीच बरी वाटते. तिला लव नाही, त्यामुळे धूळ आत अडकत नाही. दोन्ही बाजूंनी अंथरता येते, घरी धुता येते. फक्त गुळगुळीत फरशीवर ती सरकते, म्हणून खाली रबरी जाळी घालाच. सासूबाईंचा पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तर ती शोभा काय कामाची?