उबेची वाटणी

चार माणसे एका खोलीत बसली की पंख्यावरून मतभेद व्हायचेच. यजमानांना तो पाचावर हवा असतो, त्यांच्या सौभाग्यवतींना दोनावर, आणि कोपऱ्यातले आजोबा मफलर आवळीत "बंदच करा की तो!" म्हणून बजावतात. शेवटी ज्याचा हात बटणाजवळ, त्याचे राज्य! आपल्याकडे हा वाद स्वस्तात मिटतो. थंड मुलखात तोच वाद उबेवरून होतो आणि तेथे तो खिशाला झोंबतो, प्रसंगी जिवालाही.

इंग्लंडात गावोगाव सार्वजनिक सभागृहे आहेत. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ त्यांतली कित्येक उभी राहिली. सकाळी तेथे तान्ही मुले आणि त्यांच्या आया, दुपारी वृद्धांचा चहा, संध्याकाळी बॅडमिंटन आणि शनिवारी कोणाच्या तरी लग्नाचे जेवण. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालची. त्याला स्वतःची वास्तू आहे. पण लहान गावांतली आपली मंडळी दिवाळीचा कार्यक्रम बहुधा अशाच भाड्याच्या सभागृहात करतात. बाहेर नोव्हेंबरची थंडी आणि आत पैठणी नेसून कुडकुडणाऱ्या वहिनी!

माझा एक जुना विद्यार्थी तिकडे अशाच एका सभागृहाच्या समितीवर आहे. तो लिहितो, "सर, आमच्याकडे भिंतीवरची चकती हीच सगळ्या भांडणांचे मूळ आहे. जो येतो तो गारठलेला असतो आणि ती तिसावर नेऊन ठेवतो."

वाचकहो, गंमत अशी की चकती तिसावर नेल्याने सभागृह लवकर तापत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे काही नळाची तोटी नव्हे, की जास्त फिरवली म्हणजे धार मोठी झाली! साधा बॉयलर विसाला लावा नाहीतर तिसाला, उष्णता त्याच गतीने देतो; थांबायचे कोठे एवढेच त्या आकड्याने ठरते. मग तो गारठलेला सद्गृहस्थ तासाभराने घामाघूम होतो, खिडक्या उघडतो आणि चकती तशीच ठेवून घरी जातो. रात्रभर रिकाम्या खुर्च्या ऊब घेत बसतात आणि महिन्याअखेर खजिनदाराला घाम फुटतो.

या यंत्राच्या इतिहासात आम्हा मास्तरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे एक अध्यापक होते. तापमान पाहण्यासाठी शाळेचा शिपाई ऐन तासाला वर्गात येई आणि मग तळघरात जाऊन भट्टी कमीजास्त करी. शिकवण्याचा रंग भंगे. जॉन्सन यांनी वर्गातल्या तापमानाची वर्दी तळघरात घंटेने देणारे विजेचे उपकरण तयार केले आणि १८८३ साली त्याचे पेटंट मिळवले. शिकवण्यात व्यत्यय नको, एवढ्यासाठी केवढा हा खटाटोप!

आजचा 'स्मार्ट' थर्मोस्टॅट हा त्या घंटेचाच पणतू. कोणत्या दिवशी कोणाचा कार्यक्रम आहे, ते वेळापत्रक त्याला देता येते. आपली इमारत तापायला किती वेळ घेते हे अनुभवाने शिकणारेही थर्मोस्टॅट आहेत. दगडी भिंतींचे सभागृह असेल आणि बाहेर हिम पडले असेल, तर ते भट्टी आधीच चालू करतात. कार्यक्रम संपला की तापमान उतरते, पण पाइपांतले पाणी गोठून ते फुटू नयेत इतपत ऊब राहते. कोणी मध्येच चकती फिरवली, तर ती तासा-दोन तासांनी पुन्हा ठरल्या जागी येईल अशीही व्यवस्था करता येते. पहाटेच्या अंधारात केवळ बटण दाबायला धावणाऱ्या चिटणिसाला तर हे वरदानच!

परंतु ठरली जागा म्हणजे किती अंश, हे ठरवायचे कोणी? येथे यंत्र हात टेकते. फांगर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७० साली या सुखदुःखाचे गणित मांडले. त्याच्या हिशेबाप्रमाणे कितीही चोख व्यवस्था केली तरी शंभरांत पाच माणसे नाराज राहणारच. पुढे २०१५ साली दोन संशोधकांनी नेदरलँड्समधून दाखवून दिले, की कचेऱ्यांचे तापमान ठरवताना धरलेले शरीर हे मध्यमवयीन पुरुषाचे होते. कचेरीत शाल पांघरून बसणाऱ्या भगिनींना हे सांगायला संशोधक नकोच होते! जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंडीत घरांत किमान अठरा अंश ऊब असावी असे सांगितले. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना त्याहून अधिक लागू शकते. बॅडमिंटन खेळणाऱ्याला मात्र तेवढ्यातही उकडते.

हा प्रश्न नुसत्या सुखाचा नाही, हे २०२२ च्या हिवाळ्यात दिसले. युक्रेनमधील युद्धामुळे गॅसचे भाव भडकले होते. ब्रिटनमध्ये ग्रंथालये, चर्चे आणि अशी सभागृहे 'ऊब घ्यायला या' म्हणून उघडली गेली. घरची शेगडी लावायला धजत नसलेली एकटी, वृद्ध माणसे तेथे येऊन बसत. माझ्या विद्यार्थ्याच्या समितीत त्याच सुमारास ठराव आला, की चकतीवर कुलुपाची पेटी बसवावी आणि सतरा अंश कायम करावेत. बिल खचित उतरले असते. पण ती काटकसर कोणाच्या अंगावरून होणार होती? अखेर त्यांनी प्रत्येक मंडळाला बोलावून ज्याचा त्याचा आकडा ठरवला, वृद्धांच्या चहाला सर्वांत मोठा दिला, आणि मग तो यंत्राला सांगितला. चकती उघडीच ठेवली. "सर, यंत्र एका दुपारी बसले, पण आकडे ठरायला तीन सभा लागल्या," असे तो लिहितो. मला त्या तीन सभाच मोलाच्या वाटतात.

आमच्या आजोळी नरकचतुर्दशीला पहाटे एकच बंब पेटे आणि न्हाणारी माणसे पंधरा. पहिले कढत पाणी दम्याने बेजार असलेल्या आजोबांना, मग पोरांना. धट्टेकट्टे मामा शेवटी कोमट पाण्यावर उरकीत. बंबाला आकडे नव्हते आणि कोणी तक्रारही करीत नसे, कारण वाटणी करणाऱ्या आजीला प्रत्येकाची प्रकृती ठाऊक होती. नवे यंत्र माणसाच्या विसराळूपणावर औषध आहे, आणि चांगले औषध आहे. आजीला जे ठाऊक होते ते मात्र त्याला कोणीतरी सांगावे लागते. आणि ते सांगण्यासाठी आधी एकमेकांना विचारावे लागते.