परळचे उंदीर आणि मराठवाड्यातील माणसे

उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालाव्यात, एवढे शहाणपण आपल्या आज्या-पणज्यांपाशी होते. उंदीर का पडतात आणि त्यांच्यामागून माणसे का पडतात, याचा उलगडा पुढे प्रयोगशाळांत झाला आणि त्यासाठी असंख्य मुके प्राणी कामी आले. आज प्राण्यांवरील प्रयोगांचा विषय निघाला की दोनच आवाज ऐकू येतात. भूतदयावादी म्हणतात, हे सारे बंद करा. औषध कंपन्या म्हणतात, आमच्या कामात आडवे येऊ नका. या प्राण्यांच्या मरणातून जे ज्ञान निपजले ते कोणाच्या मालकीचे, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यापर्यंत ते पोचते की नाही, हा प्रश्न मात्र दोघांपैकी कोणीही विचारीत नाही. तो आपणच विचारला पाहिजे.

१८९६ साली मुंबईत प्लेग उतरला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत लस तयार केली, सशांना टोचून पाहिली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगात घेतली. त्यानंतर पाळी आली भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांची. हे कैदी 'स्वेच्छेने' पुढे आले, असे इतिहास सांगतो. गजाआडच्या माणसाची स्वेच्छा केवढी असते, हे ज्यांनी तुरुंग पाहिला आहे त्यांना सांगायला नको. ससा, शास्त्रज्ञ, कैदी हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हाफकिन यांनी स्वतःला मध्ये घातले, हा त्यांचा मोठेपणा. एरवी सशानंतर थेट गरिबाचा नंबर लागतो. त्याच १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांच्यापाशी ना लस होती ना औषध.

पुढे परळ येथे प्लेग कमिशनने जे प्रयोग केले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावेत इतके साधे आहेत. लहान लहान खोल्या बांधल्या, त्यांत प्लेगने मेलेल्या उंदरांच्या पिसवा सोडल्या आणि गिनिपिग ठेवले. जमिनीवरचे गिनिपिग मेले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेलेही मेले. दोन फुटांवर टांगलेले जगले. पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही, हेच त्याचे कारण! हवा नव्हे, दैवी कोप नव्हे, तर उंदराच्या अंगावरून माणसाच्या अंगावर येणारी पिसू, हे १९०६ च्या सुमारास निर्विवाद ठरले. याचा राजकीय अर्थ असा की, प्लेगचा प्रश्न हा घराचा आणि धान्य साठवण्याच्या जागेचा प्रश्न आहे. ज्याच्या एकाच खोलीत चूल, कणगी आणि अंथरूण आहे, त्याच्याच अंथरुणात उंदराची पिसू येते.

आता आपल्या मुलखात या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात धरणी हादरली. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही नावे ज्याला आठवत नाहीत, तो या जिल्ह्याचा नव्हेच. हजारो माणसे मातीच्या ढिगाऱ्यांखाली गेली आणि वाचलेले पत्र्याच्या शेडखाली आले. धक्क्यांची दहशत दूरवर पसरली. वर्ष सरत नाही तोच, ऑगस्ट १९९४ मध्ये, मांजरेपलीकडच्या बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेगचे रुग्ण सापडले. भूकंपाच्या भीतीने लोकांनी घरे सोडली, घरातले धान्य तसेच राहिले, त्यावर उंदीर माजले, असा तर्क तेव्हाच्या तज्ज्ञांनी मांडला. परळच्या त्या खोल्यांतील धडा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झाला होता. भूकंपाच्या मुलखात तंबू आणि मदत पाठवणाऱ्या सरकारला मोकळ्या पडलेल्या घरांतील धान्याची आणि उंदरांची आठवण का झाली नाही?

सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उसळला आणि लाखो मजूर शहर सोडून पळाले. देशभरात पन्नासहून अधिक मृत्यू प्लेगच्या नावे नोंदले गेले. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, हा प्लेग आहे की नाही, यावरच या देशात वाद चालला. ज्या देशात प्लेगच्या लशीचा जन्म झाला, त्याला खात्री करून घेण्यासाठी नमुने परदेशी धाडावे लागले. १९६६ नंतर माणसांत प्लेग दिसला नाही, म्हणून दक्षता ढिली पडली होती. प्लेग शहरातल्या बंगल्यांत दिसला असता तर ती ढिली पडली असती काय?

हे दारिद्र्य बुद्धीचे नव्हते. हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक साहिबसिंग सोखे आणि डॉ. बी. बी. दीक्षित यांनी १९४० साली सल्फाथायाझोल हे औषध प्लेगवर चालते, हे दाखवून दिले. हेच सोखे राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीचे अध्यक्ष होते. माणसांच्या वा जनावरांच्या औषधावर देशी-परदेशी कोणालाही पेटंटचा हक्क नसावा, अशी भूमिका त्या समितीने घेतली. प्रयोगशाळेत जनावरांचे मरण जवळून पाहिलेल्या माणसाला त्या मरणाचा बाजार मांडणे रुचले नाही, असे मला वाटते. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती याच विचाराच्या बळावर. आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले काय? तर जमीन विकून देणी भागवा आणि कारखान्याचीही विक्री करा.

भूतदयावाद्यांशी आपले भांडण नाही. जेथे पर्याय आहे तेथे एकही ससा मारू नये. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली आहे आणि ती कसोशीने पाळली जावी. पण प्लेगसारख्या रोगाचे जंतू निरोगी माणसाला टोचून औषध तपासता येत नाही. म्हणून अमेरिकेने २००२ साली नियम केला की, अशा रोगांपुरते प्राण्यांवरील पुराव्यावर औषध मान्य करावे. त्यानुसार २०१२ साली लेव्होफ्लॉक्सासिन प्लेगसाठी मान्य झाले: १७ आफ्रिकी माकडांपैकी १६ जगली, औषध न दिलेली सातही मेली. हा प्रयोग तिथल्या सरकारी संस्थेने, म्हणजे जनतेच्या पैशाने केला. प्रयोगशाळेतले माकड वाचवले आणि औषध न तपासताच साथ आली, तर तो प्रयोग रस्त्यावर होतो, आणि तेथे गिनिपिग कोण असते हे सुरतेच्या स्थानकावरील गर्दीने दाखवून दिले आहे.

प्लेग कधीतरी येतो. क्षय मात्र धाराशिवच्या वस्त्यांत रोजचाच आहे. त्याच्या औषधांना न जुमानणाऱ्या जातीवर बेडाक्विलिन हे औषध आले. २००५ साली उंदरांवरील प्रयोगांत त्याची ताकद जगापुढे आली. या औषधाच्या विकासात कंपनीपेक्षा सार्वजनिक पैसाच जास्त गुंतला, असा हिशेब अभ्यासकांनी २०२० मध्ये मांडला. तरी मक्तेदारी जॉन्सन अँड जॉन्सनची! मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार, म्हणून औषधाच्या क्षाराच्या नावाने ती आणखी चार वर्षे लांबवण्याचा तिचा घाट होता. क्षयातून उठलेल्या दोन तरुणींनी हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. मरणारे उंदीर, पैसे भरणारी जनता आणि नफा कंपनीचा, ही वाटणी मोडता येते, हे त्या दोघींनी सिद्ध केले. सरकारने ते काम आपण होऊन केले नाही, हेही नोंदवून ठेवावे.

नीती आयोगाने २०१८ साली आपल्या जिल्ह्याला 'आकांक्षित' म्हटले. आकांक्षा कोणाची, हे कोणी विचारले नाही. दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. कोपीत राहणाऱ्या क्षयरोग्याच्या गोळ्या येथल्या केंद्रावर आणि तो साखर कारखान्याच्या थळात, अशी ताटातूट होते. औषध अर्धवट सुटले की जंतू बळावतो. प्रयोगशाळेतल्या उंदराला निदान मोजून मात्रा मिळते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात हे करावे. धाराशिवला २०२२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. थुंकीतले जंतू वाढवून कोणते औषध लागू पडते हे पाहण्याची सोय तेथे आहे काय, नसल्यास नमुना कोठे जातो आणि किती दिवसांनी उत्तर येते, हे लेखी विचारावे. कळंब, परंडा, उमरगा येथील आरोग्य केंद्रांतून ऊसतोडीला गेलेल्या रुग्णांची यादी कोणत्या कारखान्याकडे जाते, हे माहितीच्या अधिकारात मागवावे. आणि ग्रामसभेत ठराव घ्यावा की, गावात उंदीर पडल्याची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी आणि ती चोवीस तासांत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवावी. उत्तरे येतील ती या पानासाठी धाडावीत. न आल्यास तेही कळवावे.