चौकटीत मावेल तेवढेच

एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. ‘डॉक्टर का व्हायचंय?’ असे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात कोणी लेखी विचारत नाही. त्यामुळे पेडणे-डिचोलीतली मुले परदेशी अर्ज भरायला बसली की पर्सनल स्टेटमेंट नावाचे प्रकरण पहिल्यांदाच पाहतात आणि मदतीला आपल्याकडे येतात. आपण म्हणजे फॅमिली डॉक्टर, विज्ञानाचे शिक्षक, समुपदेशक. ‘सगळं लिहून काढ, कापायचं मागाहून बघू,’ हा सल्ला आपलाच. आमच्या मते बिघडते ते तिथेच.

ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशाच्या यूकास अर्जात मोकळ्या जागा धरून ४,००० कॅरेक्टर मिळतात. २०२६च्या प्रवेशांपासून सलग निबंध जाऊन तीन प्रश्न आले. प्रत्येक उत्तराला किमान ३५० कॅरेक्टर हवेत, एकूण मर्यादा मात्र तीच राहिली. अमेरिकेतल्या वैद्यकीय प्रवेशाच्या एएमकॅस अर्जाची मर्यादा ५,३००. त्यापलीकडचा मजकूर अर्ज स्वीकारतच नाही. मग शेवटच्या रात्री कात्री चालते, तीही भलतीकडे. आजोबांचा दवाखाना, खेळण्यातला स्टेथोस्कोप, थोरांचे वचन शाबूत राहते. आरोग्य केंद्रात मधुमेही पायाचे ड्रेसिंग पाहताना काय उमगले, तो परिच्छेद जातो. प्रमाणपत्रांची जंत्री तर मुळातच नको. एएमकॅसमध्ये अनुभवांच्या १५ नोंदींना वेगळी जागा आहे, प्रत्येकीला ७०० कॅरेक्टर.

डिचोलीहून रुग्ण बांबोळीला पाठवताना आपण चिठ्ठीत तक्रार, तपासणी, दिलेले औषध आणि शंका लिहितो. त्याची कुळकथा लिहीत नाही. तीच सवय इथे का सुटते?

नेमके लिहिणे कसे असते ते आनंदीबाई जोशींच्या पत्रात दिसते. त्यांनी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिले, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. पुरुष डॉक्टरच्या उपचारांपेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांना आपल्या देशात वैद्यकीय मदत हवी, हे त्यांचे कारण. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून अमेरिकेत आल्याचे त्यांनी सांगितले, प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही हेही लपवले नाही. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या.

पहिला मसुदा मुलाने एकट्याने, मर्यादेच्या आतच लिहावा. आपण हातात पेन घ्यावे ते खोडण्यापुरते. ‘लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ’ यासारखी आपली ठेवणीतली वाक्ये घालू नयेत. यूकास प्रत्येक निवेदन आधीच्या निवेदनांशी ताडून पाहते आणि साम्य फार आढळले तर विद्यापीठांना कळवते. एकाच गुरुजींचे वाक्य दोन विद्यार्थ्यांकडे सापडले, तर जाब मात्र त्या मुलांना द्यावा लागतो.