लिलावाची जमीन आणि हक्काचा शोध

महसुलाच्या थकबाकीपोटी जप्त झालेली जमीन लिलावात पुकारली जाते, तेव्हा तहसीलदारांची सही आणि जाहीरनाम्यावरील गोल शिक्का यांचा प्रभाव असा काही पडतो की, एरवी बाजारात बैल घेताना त्याचे दात मोजल्याखेरीज पैशाला हात न घालणारा गृहस्थही या जमिनीचा हक्क निर्वेध आहे असे गृहीत धरून बोली बोलून मोकळा होतो. अमेरिकेत थकलेल्या कराचा बोजा विकत घेऊन व्याज मिळवण्याचा, किंवा मुदतीत फेड न झाल्यास मालमत्ताच पदरात पाडून घेण्याचा रीतसर व्यवसाय आहे. पण तेथील जाणते लोकही हक्काचा शोध घेतल्यावाचून रक्कम गुंतवीत नाहीत. आपल्याकडे असा व्यवसाय नसला तरी असे लिलाव मात्र आहेत.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 या कायद्यातील एक भेद बोली लावणाराने नीट ध्यानात घ्यावा. ज्या जमिनीचा सारा थकला तीच सरकारजमा झाली, तर ती पूर्वीच्या बोजांतून मुक्त होते; परंतु थकबाकीदाराची अन्य स्थावर मिळकत विकली जाते तेव्हा कलम 181 अन्वये विकला जातो तो केवळ त्याचा त्या मिळकतीतील हक्क आणि हितसंबंध. त्याचा हिस्सा चार आणेच असेल, तर शिक्का कितीही मोठा असला तरी खरेदीदाराच्या पदरात चार आणेच पडतात. शिवाय विक्रीनंतर तीस दिवसांच्या आत थकबाकी आणि खरेदीदारासाठी किमतीच्या पाच टक्के रक्कम भरून मूळ मालक विक्री रद्द करवून घेऊ शकतो. लिलावात कोणी पुढे न आल्यास सरकारच नाममात्र बोलीने जमीन घेते, पण तेथेही विषय मिटत नाही. अशा आकारी पड जमिनी बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के रक्कम घेऊन मूळ खातेदारांना वा त्यांच्या वारसांना परत देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये घेतलाच.

मराठवाड्यातील औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वरासारख्या गावी हक्काचा हा शोध अधिकच बिकट होतो. पूर्णा नदीवरील धरणामुळे एकीकडे संपादन आणि दुसरीकडे पाणीपट्टी हे दोन्ही विषय या परिसराच्या दप्तरात शिरले, आणि पाणीपट्टी थकली की तीही जमीन महसुलाप्रमाणेच वसूल होते. त्यातच हा मुलूख पूर्वी निजामाच्या अमलाखालचा. वकिलाने दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून तीस वर्षांचा शोध अहवाल आणला की आपण निश्चिंत होतो. पण मराठवाड्यात खरी गुंतागुंत त्या तीस वर्षांच्याही मागे असते. 1954-55 चे खासरा पत्रक, त्याआधीची उर्दूतील फसली सनाची कागदपत्रे, इनामाचा मुंतखब (इनाम मान्य केल्याचा दस्तऐवज), 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्यान्वये संरक्षित कुळाला मिळालेला हक्क, देवस्थान इनामाची नोंद, यांपैकी एखादी गोष्ट सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातून कालांतराने गळून पडलेली असू शकते. ती गळाली म्हणून हक्क मात्र संपत नाही. सातबाराची नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानली जाते. बहिणींचे हिस्से हक्कसोडपत्राशिवाय फेरफारात नाहीसे झालेले आढळतात, ही तर आपल्या ग्रामीण जीवनातील नित्याचीच लबाडी.

खासरा, फेरफार, आकारबंद हे सारे महसूल खात्याच्याच ताब्यात असताना त्यांचा शोध बोली लावणाराने स्वखर्चाने घ्यावा आणि चूक निघाल्यास कोर्टाची पायरीही त्यानेच चढावी, ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही. सरकारने जाहीरनाम्यासोबत खासरा पत्रकाची नक्कल, फेरफारांची अखंड साखळी आणि विकल्या जाणाऱ्या हिश्श्याचे स्पष्ट विधान जोडणे बंधनकारक करावे. तसे होईपर्यंत, बोली लावू इच्छिणारांनो, अनामत भरण्याआधी तहसिलीच्या अभिलेख कक्षात एक अर्ज द्या आणि उर्दू वाचणारा एखादा जुना कारकून सोबत घ्या.