पॅट्रिक हेन्री अशिक्षित नव्हता

रानात हुंदडणारा, दुकान बुडवणारा, पुस्तकाचा कंटाळा असलेला पॅट्रिक हेन्री केवळ उपजत वाणीच्या बळावर वकील आणि पुढे स्वतंत्र व्हर्जिनियाचा पहिला गव्हर्नर झाला, असे सर्रास सांगितले जाते. हे चित्र विल्यम वर्टच्या 1817च्या चरित्राने रूढ केले. वर्टने हेन्रीला कधी पाहिलेही नव्हते. त्याचा मोठा आधार म्हणजे थॉमस जेफरसनच्या आठवणी. त्याही चार दशकांनंतरच्या, आणि 1781मध्ये जेफरसनचे हेन्रीशी बिनसल्यानंतरच्या. अशी साक्ष तपासल्याशिवाय कशी मानायची?

1736मध्ये हॅनोव्हर परगण्यात जन्मलेल्या हेन्रीची शाळा दहाव्या वर्षाच्या सुमारास सुटली, हे खरे. शिक्षण मात्र सुटले नाही. अ‍ॅबर्डीनच्या किंग्ज कॉलेजात शिकलेल्या वडिलांनी त्याला घरीच लॅटिन आणि गणित शिकवले. धर्मोपदेशक असलेल्या काकांचाही हातभार लागला. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आईचा वाटा. ती त्याला सॅम्युएल डेव्हिस या प्रेस्बिटेरियन उपदेशकाच्या प्रवचनांना नेई आणि परतीच्या वाटेवर त्या दिवसाचे बायबलवचन व प्रवचनाचा सारांश त्याच्याकडून म्हणवून घेई, असे घरच्या आठवणी सांगतात. लांबलचक प्रतिपादन एकदा ऐकून त्याचा गाभा मांडायचा, हीच तर वकिलाची तालीम.

यावर आक्षेप येतो की, कोकचा कायदेग्रंथ आणि व्हर्जिनियाचे कायदे थोडेच दिवस चाळून त्याने 1760मध्ये विल्यम्सबर्ग येथे सनद मिळवली. कायद्यात तो कच्चा होता, हे मान्य केलेच पाहिजे; परीक्षक जॉन रँडॉल्फनेही सही नाखुशीनेच केली. पण त्या वेळचा कच्चेपणा म्हणजे आयुष्यभराचे अज्ञान नव्हे. पुढच्या तीनेक वर्षांत हजारावर खटल्यांची फी त्याच्या हिशेबवहीत नोंदलेली आहे. आळशी माणसाकडे इतके पक्षकार येत नाहीत.

भक्कम पुरावा मात्र प्रतिपक्षाचा आहे. डिसेंबर 1763मध्ये पाद्री जेम्स मॉरी यांच्या थकलेल्या वेतनाच्या दाव्यात हेन्री त्यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि ज्युरीने अवघ्या एका पेनीची भरपाई दिली. मॉरींनी त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात हेन्रीचा युक्तिवाद नोंदवला आहे: राजा आणि प्रजा यांच्यात करार असतो, हितकारक कायदा रद्द करणारा राजा जुलमी ठरतो आणि आज्ञापालनाचा हक्क गमावतो. हा राज्यशास्त्रातला सिद्धान्त आहे. तो नुसत्या गोड गळ्यातून निघत नाही. हरलेल्या मॉरींना हेन्रीची विद्वत्ता वाढवून सांगण्याचे काहीच कारण नव्हते.